मसाल्याच्या ब्रँडनेमवरून वकिलाची नोटीस आलीय, नाव बदलावंच लागेल का?

कांडपवाली_सांगली
नमस्कार, जरा सविस्तर लिहितेय. आमचा कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाणा चटणीचा धंदा आहे, सासूबाईंनी सुरू केलेला. आधी ओळखीत किलोवर द्यायचो, 2016 ला फूड लायसन्स काढलं आणि पाऊचमध्ये दुकानांना द्यायला लागलो, सांगली, मिरज, जयसिंगपूर, थोडंफार कोल्हापूर. ब्रँडला गावच्या देवीचं नाव आहे (इथे टाकत नाही). आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका लोणचंवाल्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आलीय, नाव आमचं रजिस्टर्ड आहे, 15 दिवसांत वापर बंद करा, माल नष्ट करा, भरपाई द्या. त्यांच्या नावात शेवटचं एक अक्षर वेगळं, बाकी ऐकायला सेम. आम्ही ट्रेडमार्क काढलेला नाही, पण उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), जीएसटी, शॉप अ‍ॅक्ट सगळं याच नावाने आहे, ते धरत नाहीत का? पाऊचचा नवीन रोल आत्ताच छापून आलाय, छपाईच्या सिलिंडरचेच पैसे केवढे गेलेत, आणि मिरचीचा सीझन तोंडावर आलाय. मिस्टर म्हणतात नाव बदलू, भानगड नको. मला नाही पटत, हे नाव आम्ही आधीपासून लावतोय.

ट्रेडमार्कवाली_वकील
ताई, घाई करू नका. 15 दिवस ही त्यांच्या वकिलाने घातलेली मुदत आहे, कायद्यातली नाही, पण उत्तर मात्र त्या मुदतीत वकिलामार्फत द्याच, गप्प बसलात तर तेच उद्या कोर्टात दाखवतील.

उद्यम, जीएसटी, शॉप अ‍ॅक्ट यातल्या कशानेही नावावर हक्क मिळत नाही, पण तारखेचा पुरावा म्हणून हीच कागदं सोन्यासारखी आहेत. आपल्याकडे नुसतं रजिस्ट्रेशन म्हणजे सगळं नव्हे, आधी कोण वापरत होतं हे बघतात. ट्रेडमार्क कायद्याचं कलम 34 वाचा. समोरच्याने वापर सुरू केल्याची तारीख आणि त्याच्या रजिस्ट्रेशनची तारीख (म्हणजे अर्ज केला ती), यातली जी आधीची, तिच्याही आधीपासून तुम्ही सलग वापरत असाल तर तो तुम्हाला थांबवू शकत नाही. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, 2015 चा निकाल, समोरच्याकडे पण तसल्याच नावाचं रजिस्ट्रेशन होतं तरी जुन्या दुकानाच्या बाजूने लागला.

ट्रेडमार्कसाठी मालाचे नंबरवार वर्ग म्हणजे क्लास असतात, लोणचं क्लास 29 मध्ये येतं आणि मसाला 30 मध्ये, पण क्लास वेगळा म्हणून आपण सुटलो असं समजू नका. 1959 मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्लुव्हिटा बिस्किटांना रजिस्ट्रेशन नाकारलं, कारण ग्लुकोव्हिटा नावाची ग्लुकोज पावडर आधीपासून होती. बिस्किट आणि पावडर वेगळी, मधलं 'को' पण गायब, तरी गिऱ्हाईक नाव अर्धवटच लक्षात ठेवतं आणि दोन्ही एकाच कंपनीचं समजू शकतं असं कोर्ट म्हणालं. उलट 2018 मध्ये कर्नाटकच्या नंदिनी दूधवाल्यांना नंदिनी डिलक्स हॉटेलवाल्यांना अडवता आलं नाही, फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ हॉटेलवाल्यांच्या रजिस्ट्रेशनमधल्या मालाच्या यादीतून काढायला लावले. म्हणजे प्रत्येक केस वेगळी.

नोटिशीत रजिस्ट्रेशन नंबर असेल, तो सरकारी ट्रेडमार्क साईटवर टाका. क्लास, अर्जाची तारीख आणि 'यूजर डिटेल' (नाव कधीपासून वापरतात ते) या तीन गोष्टी इथे सांगा.

होलसेलवाले_नाना
वकीलताई बरोबर सांगताहेत, पण मिस्टरांचंही ऐका. पुण्याच्या बर्गर किंगचं बघा. ते 1992 पासून नाव वापरतात, अमेरिकन कंपनीचं भारतातलं पहिलं आउटलेट 2014 ला उघडलं. कंपनीने 2011 ला दावा लावला, पुण्याच्या कोर्टाने 2024 ला तो फेटाळला, त्याच वर्षी हायकोर्टाने पुणेवाल्यांना अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरायला बंदी घातली, मग मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या बंदीला स्थगिती दिली. एवढी वर्षं वकिलाची फी भरायची आणि धंदा पण बघायचा, तुम्हाला झेपणार का? मी तीस-चाळीस ब्रँडचा माल फिरवतो, वादाचा वास आला की दुकानदार माल परत करतो, त्याला कोण बरोबर याच्याशी देणंघेणं नसतं.

कांडपवाली_सांगली
नाना, भीती तीच आहे. पण सासूबाईंनी डंकावर उभं राहून मिळवलेलं नाव आहे हो, असं कसं सोडू? साईटवर बघितलं. फक्त क्लास 29, अर्ज 2019 चा, वापर 2018 पासून लिहिलाय. आमच्याकडे 2016 च्या दिवाळीतलं लेबल छापल्याचं बिल आहे, त्यावर ब्रँडचं नाव स्पष्ट आहे, आणि दुकानांच्या बिलबुकाच्या कार्बन कॉप्या 2017 पासून आहेत. फक्त 2020 च्या लॉकडाऊनमध्ये काही महिने काहीच विकलं नाही. तो खंड धरतील का?

ट्रेडमार्कवाली_वकील
मग बाजू चांगलीच भक्कम आहे. लॉकडाऊनमध्ये अख्खा बाजार बंद होता, धंदा सोडला असं त्यावरून म्हणणं माझ्या मते टिकणार नाही. त्या काळातल्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी, दुकानदारांचे मेसेज असले तर काढून ठेवा. 2016 च्या आधीचा सुटा माल नाव न लावता विकला असेल तर तो काळ यात धरू नका.

आता लगेच क्लास 30 मध्ये स्वतःचा अर्ज टाका, वापराची तारीख 2016 लिहून, सोबत अ‍ॅफिडेव्हिट आणि ही बिलं. उद्यम असल्यामुळे ऑनलाइन फी 9000 ऐवजी 4500 पडेल. रजिस्ट्रेशन होईपर्यंत पाऊचवर गोलातला आर (रजिस्टर्ड असल्याची खूण) छापू नका, ते बेकायदा आहे, दंड होऊ शकतो, टीएम चालतं. दुसरं, कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा कोर्टात आधीच दिलेला अर्ज) टाका, म्हणजे तुमचं न ऐकता एकतर्फी मनाई मिळवणं त्यांना अवघड जाईल. ते 90 दिवस चालतं. नुसतं सांगलीत टाकून भागणार नाही, कलम 134 मुळे ते स्वतःच्या जिल्ह्यात पण दावा लावू शकतात, तिथेही टाका.

नानांचा मुद्दा खर्चाचा आहे आणि तो खरा आहे, म्हणून उत्तरातच तडजोडीची दारं उघडी ठेवू, त्यांनी लोणच्यात राहावं, तुम्ही मसाल्यात, लेबलचा रंग आणि देवीचं चित्र वेगळं, असा लेखी करार होऊ शकतो. पण तोवर त्यांच्या माणसाचा फोन आला तर 'बघतो, बदलू' असं तोंडीसुद्धा बोलू नका, मिस्टरांनाही सांगून ठेवा. रोल वापरा. आणि बिलबुकांचे आजच स्कॅन करून घ्या, कार्बनची अक्षरं पुसट होत जातात.