भाडेकरूने करार मोडला आणि मालक परदेशात: कुलूप बदलायचा सल्ला देणाऱ्यांना उत्तर

समुद्रापार: काल इथे कुणी लिहिलं, ‘शेजाऱ्याला सांगून कुलूप बदला, सामान पॅसेजमध्ये काढा. तो कोर्टात जाईपर्यंत घर मोकळं.’ वाचून संताप आला. उद्या तोच भाडेकरू पोलिसांत आणि कोर्टात जाईल, आणि तिथे त्याने मोडलेला करार बाजूला राहून तुमच्या दांडगाईची चर्चा होईल. करार लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी) असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 24 आहे: मुदत संपूनही घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशी प्रकरणं ऐकणारा सरकारी अधिकारी) अर्ज करा, शिवाय घर सोडेपर्यंत दुप्पट भाडं मागता येतं.

जुना मालक: मुदत संपली तर ना! माझ्याकडे मुदत अर्धी बाकी होती आणि शेजाऱ्याने पाठवलेल्या फोटोत हॉलमध्ये गाद्यांची थप्पी, आतल्या खोलीला बाहेरून वेगळी कडी. सरळ पोटभाडेकरू ठेवलेले. तेव्हा तुमचं कलम 24 काय कामाचं?

भाड्यानेच राहते: आधी सांगा, करार नोंदवला होता का? त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणी ही मालकाची जबाबदारी. नोंदणी नसेल तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरतात. पैसे वाचवायला नुसती नोटरी करायची आणि मग अटी मोडल्या म्हणून ओरडायचं! गळक्या नळाबद्दल मेसेज केला की हेच मालक महिनामहिना गप्प असतात.

विंग सेक्रेटरी: आणि भाडेकरूचा त्रास काढतं कोण? सोसायटी. मालक नॉन-ऑक्युपन्सी (स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याचं सोसायटीचं शुल्क) भरायलाही कुरकुरतात.

भाड्यानेच राहते: सोसायटीचं नावच काढू नका. एकट्या मुलीला घर देऊ नका म्हणून माझ्या मालकाला दोनदा फोन गेला. कमिटीसमोर मुलाखत द्यायची? कुठल्या नियमात आहे?

जुना मालक: त्यात नॉन-ऑक्युपन्सी सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही, 2001 पासून शासनाचा आदेश आहे. आमच्याकडे मनाला येईल तो आकडा लावतात.

विंग सेक्रेटरी: सगळ्या सोसायट्यांना एका माळेत ओवू नका! आम्ही 10 टक्केच घेतो. मुलाखतीचं म्हणाल तर ते चूक आहे, मान्य. पण रात्री दोनला दारं आपटली की फोन मलाच येतो, परदेशात नाही.

समुद्रापार: पोटभाड्याचा प्रश्न राहिलाच. नोंदणीबद्दल ताईंचं म्हणणं खरं आहे, ते नाइलाजाने का होईना, कबूल. करारात मुदतीआधी रद्द करायची अट असेल तर तिच्याप्रमाणे आजच रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस काढा, फोटो तारखेसह जपा. भारतातल्या विश्वासू माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा: दूतावासात साक्षांकन, आणि कागद भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांत मुद्रांक. नोटीस गेल्यावर येणारं भाडं वकिलाला न विचारता मुकाट जमा करून घेऊ नका, नाहीतर तुम्हीच त्याला पुढे राहू दिलं असा अर्थ लावायला त्याचा वकील मोकळा.

जुना मालक: रद्द करायची अट माझ्या करारात नव्हती. एजंटने छापील नमुना दिला, तोच सही झाला.

भाड्यानेच राहते: मग पुढच्या वेळी सही करण्याआधी वाचा. आम्हाला तर तुम्ही प्रत्येक पानावर सही करायला लावता.