‘फ्लॅपर’ला मराठीत काय म्हणावं? पिल्लू, तलंग की कवळं बदक?

कळंब्याकाठचा :
एका इंग्रज शिकाऱ्याची जुनी टिपणं मराठीत आणतोय, आणि दोन दिवस एका शब्दावर गाडी अडलीय. शब्द आहे ‘फ्लॅपर’. म्हणजे रानबदकाचं असं पोर, की ज्याचं अंग भरलंय, पिसं आलीत, पण पंखात अजून दम नाही. इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकापासून आहे. (१९२०च्या दशकातल्या आखूड केसांच्या पोरींनाही तोच चिकटला, पण ते राहू दे.) तिकडं पूर्वी ऑगस्टात अशा बदकांची खास शिकार व्हायची. आता ब्रिटनमधला हंगाम १ सप्टेंबरला उघडतो, तरी उशिरा निघालेली पोरं तेव्हाही धड उडत नसतात. टिपणकाराला पडलेला प्रश्न हाच : पहिल्याच आठवड्यात यांच्यावर बार टाकावा का?
‘पिल्लू’ लिहिलं की वाचक टिपणकाराला तिथंच फासावर चढवणार. नुसतं ‘बदक’ लिहिलं तर त्याला प्रश्न कशाचा पडलाय तेच कळणार नाही.

शब्दखोडी :
पिल्लूच लिहा की. आईच्या मागं फिरतंय म्हणजे पिल्लू.

कळंब्याकाठचा :
तसं नाही हो. गेल्या सप्टेंबरात कळंबा तलावावर हळदीकुंकू बदक बघितलं. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. एवढं नेमकं नाव ठेवणाऱ्याला नमस्कारच. मागं पाच पोरं, जवळजवळ आईएवढी, रंगानं जरा फिकी. काठावरचं कुत्रं भुंकलं तशी आई सरळ उठली आणि वर घिरट्या घालायला लागली. पोरं मात्र पाण्यावर पावलं आपटत, पंख बडवत वीसेक फूट पळाली, वीतभर उचलली आणि धपकन् गवतात घुसली. त्यांना पिल्लू म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पिल्लू म्हणजे लवेचा गोळा.

निवृत्त गुरुजी :
आपल्याकडं मधल्या वयाला शब्द आहेत, पण ते गोठ्यात आणि खुराड्यात. गाईची कालवड, म्हशीची वगार, बैल होऊ घातलेला खोंड, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी ती तलंग. ज्याचं दूध काढायचं, ज्याला औताला जुंपायचं, ज्याचा रस्सा करायचा, त्याचं वय आपण बारकाईनं मोजलं. रानबदकाशी असा व्यवहार नव्हता, म्हणून शब्द घडला नाही.

रस्सामंडळ :
मग ‘कवळं बदक’ म्हणा. आमच्यात कवळी काकडी, कवळं वांगं, कवळं मटण असंच म्हणत्यात.

निवृत्त गुरुजी :
तुम्ही ताट घेऊनच बसलात! ‘कवळं’ हा खाणाऱ्याचा शब्द. पण टाकून देऊ नका. ही पोरं मारायचं एक कारण तेच होतं, मांस मऊ लागतं. टिपणकार जिथं जेवणाबद्दल बोलतो तिथं हा बसेल.

तालमीतला :
भावा, पोराला मोठ्या पैलवानाबरोबर सोडत नाहीत. खासबागेत असली जोड लावली तर लोक मैदान डोक्यावर घेतील. तुझ्या इंग्रजाला ‘इथं जोडच बसत नाही’ असं म्हणायचंय. संपला विषय.

शब्दखोडी :
जोड दोघांच्या राजीखुशीनं लागते. बदकानं कधी शड्डू ठोकला होता?

तालमीतला :
हे बरोबर हाय.

पाणपक्षी :
भाषेतलं मला कळत नाही, पाखरांचं सांगतो. मॅलार्ड जातीच्या पोराला अंड्यातून निघाल्यावर उडायला साधारण ५० ते ६० दिवस लागतात. उन्हाळ्याच्या शेवटी मोठी बदकंही पंखांतली उडायची पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे उडू शकत नाहीत. तेव्हा ‘न उडणारं’ एवढ्यानं वय ठरत नाही. त्या दिवसांत नराचे रंग उतरून तो मादीसारखा दिसतो, म्हणजे लांबून निवड करणं अवघडच. ओळख पटते ती पडल्यावर. शेपटीची पिसं उलगडून बघायची. पोराच्या पिसाचं टोक खाचलेलं असतं, कारण तिथं चिकटलेली पिल्लूपणाची लव तुटून गेलेली असते. म्हणजे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.
शिकाऱ्यांची बाजूही टाका. यातली पुष्कळ पोरं हिवाळ्यात तशीही मरतात, आणि अंडी घालून पिल्लं वाढवलेली जुनी मादी वाचलेली बरी, असं ते म्हणतात. दुसरी बाजू अशी, की कच्ची पोरं बंदुकीला जास्त सापडतात. ती हुशार व्हायच्या आतच हंगाम उघडतो.
आपल्याकडं मात्र हा प्रश्न कागदावरच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्यानं शिकार होती, १९९१च्या दुरुस्तीनं तीही गेली. आता पोर असो की थोरलं, रानबदक मारणं हा गुन्हाच.

पंचगंगेपल्याडची :
आमची आजी वळचणीतल्या चिमण्यांना म्हणायची, “अजून उडार न्हाईत, हात लावू नगा.” उडार झालं म्हणजे स्वतःच्या पंखांवर गेलं. तुमचं फ्लॅपर म्हणजे उडार न झालेलं बदक. एका शब्दात बसत नाही, पण खोटंही वाटत नाही.

निवृत्त गुरुजी :
वा, ताई! शाबास. एका शब्दाचा हट्ट कशाला?

कळंब्याकाठचा :
वाक्य असं झालंय : “पहिल्या सकाळी आम्ही नऊ बदकं मारली. त्यांतली सात अजून उडार झाली नव्हती.” आधी इथं ‘सात पिल्लं’ होती. ती वाचताना मीच टिपणकारावर चिडलो होतो. आता तो स्वतःच मान खाली घालून सांगतोय असं वाटतं, आणि मूळ टिपणात तसंच आहे.

शब्दखोडी :
‘मारली’ की ‘टिपली’?

कळंब्याकाठचा :
मुळात त्यानं ‘थैलीत घातली’ अशा अर्थाचं क्रियापद वापरलंय. नऊसाठी ते चाललं असतं. पण पुढं लगेच ती सात येतात, म्हणून ‘मारली’च ठेवतो.