टाके सुकले म्हणजे आकार ठरला असं नाही

"स्तन राखला तरी आकार बिघडतोच, मग सरळ काढून का टाकू नये?" या स्तनाच्या कॅन्सरबद्दलच्या प्रश्नाविषयी. राजारामपुरीतल्या माझ्या थोरल्या जाऊबाईंचं स्तन राखून गाठ काढण्याचं ऑपरेशन झालंय. पहिले दोन-तीन महिने काही फरकच दिसेना, कारण गाठ काढलेल्या पोकळीत पाणी साठून ती भरलेली असते. ते जिरलं, त्यात रेडिएशन. वर्षभरात तो भाग आक्रसला, थोडा घट्टही झाला. तेव्हा पट्टी निघाल्या दिवशी आरशासमोर निकाल लावू नका. गाठ खालच्या बाजूला असेल किंवा स्तनाचा पाचवा हिस्सा, त्याहून जास्त काढावा लागणार असेल, तर ऑन्कोप्लास्टिक सर्जरीचं, म्हणजे गाठ काढतानाच उरलेल्या स्तनाला नीट आकार देण्याच्या ऑपरेशनचं, आधीच विचारा. रेडिएशन झालेल्या जागेवर नंतर दुरुस्ती करणं अवघड जातं. जगण्याचं म्हणाल तर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या इटली आणि अमेरिकेतल्या २० वर्षांच्या पाहण्यांत स्तन राखणं आणि काढून टाकणं या दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या.

गंमत म्हणजे डॉक्टर फोटो बघून "ठीक आहे" म्हणाले, जाऊबाई म्हणतात "झकास!" तक्रार एकच होती, ब्लाऊजची. महाद्वार रोडच्या टेलरनं एका बाजूला अस्तराची जादा घडी घातली, तीही मिटली.