दोन ॲक्सलच्या बोट-ट्रेलरला टीपीएमएस बसवताना काय पाहावे?

मार्वेकर यांनी विचारले:

नमस्कार. मार्वे येथे ठेवलेली फायबरची छोटी बोट आम्ही सुटीच्या दिवसांत ट्रेलरवर चढवून कधी मुरूड-श्रीवर्धनकडे, तर कधी पवना धरणाच्या जलाशयावर नेतो. ट्रेलर दोन ॲक्सलचा असून त्याला चार चाके आणि एक स्टेपनी आहे. टायर १८५ आर १४ सी मापाचे, आठ प्लायचे, ट्यूबलेस आहेत आणि थंड असताना त्यांत ६५ पौंड हवा ठेवावी लागते. ओढणारी गाडी डिझेल एसयूव्ही आहे. तिच्या स्वतःच्या चार टायरांतील दाब डॅशबोर्डवर दिसतो, परंतु ट्रेलरच्या टायरांबद्दल ती काहीही सांगत नाही.

एका ॲक्सलच्या ट्रेलरचा टायर बसला, तर गाडी एका बाजूला ओढल्यासारखी तरी होते. दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये मात्र एका चाकाची हवा गेली की त्याच बाजूचे दुसरे चाक निमूटपणे सगळा भार उचलते, आणि चालवणाऱ्याला काही कळण्यापूर्वीच बसलेला टायर चिरफळ्या होऊन मडगार्ड, दिव्यांची वायर किंवा ब्रेकचा पाइप तोडून मोकळा होतो. आजवर वडखळ, माणगाव असे थांबे घेऊन उतरून पाहणे एवढाच उपाय आम्ही करत आलो आहोत. आता टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा, म्हणजेच टीपीएमएस, बसवण्याचा विचार आहे. गाडीच्या मूळ यंत्रणेतच ट्रेलरचे सेन्सर जोडता येतात का? व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे सेन्सर घ्यावेत की टायरच्या आत बसणारे? सर्वांत मागच्या चाकापासून डॅशबोर्डपर्यंत सुमारे सात मीटर अंतर आहे; तेवढ्यात सिग्नल पोहोचेल का? शिवाय बोट पाण्यात सोडताना चाके खाऱ्या पाण्यात जातात, त्याचा या सेन्सरवर काय परिणाम होतो, हेही जाणकारांनी सांगावे.

टायरगल्ली यांचे उत्तर:

मार्वेकर साहेब, कुर्ल्याला टायरचाच व्यवसाय असल्याने आपल्या प्रश्नाच्या चाकाकडील भागाविषयी लिहितो. सिग्नलचे शास्त्र येथील इलेक्ट्रॉनिक्सची मंडळी अधिक नेमके सांगतील.

गाडीच्या मूळ यंत्रणेचा प्रश्न लवकर मिटतो. काही गाड्यांत सेन्सर नसतातच. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, साहाय्याने चाकांच्या फिरण्याच्या वेगातील फरक मोजून कोणत्या चाकातील हवा कमी झाली याचा अंदाज केला जातो, आणि तो प्रकार ट्रेलरला लागूच होत नाही. आपल्या गाडीत प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो, म्हणजे सेन्सर आहेत. परंतु तेथेही गाडीचा संगणक सहसा स्वतःच्या चार-पाच सेन्सरचेच क्रमांक ओळखतो. तेव्हा स्वतंत्र डिस्प्ले असलेला संच घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. ऑपेरा हाउसच्या ॲक्सेसरीच्या दुकानांत किंवा ऑनलाइन जे स्वस्त संच मिळतात, त्यांतील पुष्कळसे मोटारीच्या ३०-३५ पौंडांच्या हिशेबाने बनवलेले असतात. आपला दाब थंड असताना ६५ आणि धावताना त्याहून बराच वर जाणार आहे. म्हणून संचाची मोजण्याची कमाल मर्यादा, तसेच धोक्याचा आकडा किती वरपर्यंत ठरवता येतो, हे दोन्ही विकत घेण्यापूर्वी माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

आता ज्या भागाकडे कोणीच लक्ष देत नाही, तो व्हॉल्व्ह. ट्यूबलेस रिममध्ये ओढून बसवलेला नेहमीचा रबरी व्हॉल्व्ह, ज्याला व्यापारात टीआर ४१३ म्हणतात, तो ६५ पौंडांपर्यंतच्या दाबासाठीच असतो, म्हणजे आपला ट्रेलर त्या मर्यादेवरच उभा आहे. त्याच्या टोकाला सेन्सरचे वजन आले की चाक फिरताना ते वजन बाहेर फेकले जाते, रबर प्रत्येक फेऱ्याला थोडेथोडे वाकते आणि काही महिन्यांत बुडाशी चीर पडते. मग हवा जाण्याचे कारण तो सेन्सरच होतो, आणि लोक म्हणतात की यंत्रणाच वाईट. त्यामुळे टोपीचे सेन्सर घेणार असाल, तर चारही चाकांना आणि स्टेपनीलाही नट व वायसरने आवळून बसणारे धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत. रिमचे छिद्र साडेअकरा मिलिमीटरचे असेल तर असे व्हॉल्व्ह सहज मिळतात. व्हॉल्व्हसाठी टायर उतरवावा लागतोच. त्याच वेळी बॅलन्सिंगही करून घ्यावे.

टोपीच्या सेन्सरविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तो व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवतो, म्हणजे हवा अडवण्याचे काम पिनेकडून सेन्सरच्या रबरी वायसरकडे येते. बसवल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

खाऱ्या पाण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले आणि त्यांत समुद्राचे पाणी शिरले, तर दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक झीज सुरू होते आणि आटे एकजीव होतात. मग सेन्सर काढताना व्हॉल्व्हच तुटून हातात येतो. बोट उतरवण्यापूर्वी सेन्सर काढून साधी टोपी लावणे, किंवा आतले सेन्सर बसवणे, असे दोनच पर्याय आहेत. आपला ट्रेलर वारंवार समुद्रात जात असल्याने मी आतल्या सेन्सरचा आग्रह धरीन. त्यांची बॅटरी बदलता येत नाही आणि साधारण पाच ते सात वर्षांनी पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो, हे खरे. पण ते पाण्यापासून सुरक्षित राहतात, चोरीला जात नाहीत आणि टायरमधील हवेचे तापमानही अधिक खरे दाखवतात. बाहेरच्या सेन्सरला वारा लागत असल्याने त्याचे तापमान नेहमी कमीच दिसते.

तरंगलांबी यांचे उत्तर:

अंतराविषयी लिहितो. हे सेन्सर अत्यंत कमी शक्तीवर, बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश पाठवतात. मोकळ्या मैदानात सात मीटर हे काहीच अंतर नव्हे. परंतु येथे मध्ये ट्रेलरची लोखंडी चौकट, चाकाची स्वतःची रिम, गाडीचा मागचा पत्रा आणि काचेवर असल्यास धातूमिश्रित फिल्म इतके अडथळे येतात. फायबरची बोट स्वतः अडथळा करत नाही, तिच्यातील इंजिन आणि इंधनाची टाकी मात्र करतात. शिवाय चाक फिरत असताना सेन्सर कधी वर तर कधी खाली असतो आणि त्याचा संदेश क्षणिक असतो, त्यामुळे उभ्या ट्रेलरवर सगळे आकडे दिसले म्हणून वेगातही दिसतीलच असे समजू नये. दोन ॲक्सलच्या ट्रेलरसाठी रिपीटर घेणेच श्रेयस्कर. हा लहान डबा सेन्सरचा संदेश ऐकून तो अधिक जोराने पुढे पाठवतो. तो ट्रेलरच्या पुढच्या भागात, जेथून जोडणीचा दांडा सुरू होतो तेथे, लोखंडाच्या आत न दडवता बाहेरच्या बाजूला, चिखल उडणार नाही अशा उंचीवर बसवावा.

खरी अडचण रिपीटरला वीज कोठून द्यायची ही आहे. आपल्याकडे ट्रेलरला सहसा सात पिनांचा जो गोल प्लग असतो, त्यात इंडिकेटर, ब्रेक, मागचे दिवे आणि अर्थ यांचीच सोय असते. कायम बारा व्होल्ट देणारी पिन बहुधा नसते. बसवणारा माणूस सोपे पडते म्हणून रिपीटरची वायर मागच्या दिव्याला जोडून मोकळा होतो. परिणाम असा की दिवे लावलेले असतील तेव्हाच रिपीटर चालतो आणि भर दुपारी, जेव्हा टायर सर्वाधिक तापलेले असतात, तेव्हा तो बंद असतो. ग्राहकाला वाटते सिग्नल तुटतो आहे, म्हणून तो दुसरा संच घेतो आणि तोही तसाच वागतो. यासाठी गाडीच्या बॅटरीपासून फ्यूज घालून, इग्निशनबरोबर चालू होणाऱ्या रिलेमार्गे एक स्वतंत्र वायर मागे आणावी आणि तिला स्वतंत्र जलरोधक जोडणी द्यावी. लॅमिंग्टन रोडला अशा जोडण्या मिळतात. ट्रेलर पाण्यात उतरवण्यापूर्वी ती जोडणी सोडवून वर बांधून ठेवावी, कारण ट्रेलरच्या दिव्यांचे निम्मे आजार तेथूनच सुरू होतात.

पाण्याखालून या लहरी जवळपास बाहेर येतच नाहीत, खाऱ्या पाण्यातून तर नाहीच. त्यामुळे बोट सोडताना डिस्प्लेवर सिग्नल गेल्याची सूचना आली, तर घाबरण्याचे कारण नाही.

कळंबोलीकर यांचे उत्तर:

आमच्या गाड्या न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर उचलतात. आपला ट्रेलर त्यांच्यापुढे खेळणे असला, तरी दुखणे एकच आहे. टायरगल्ली यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे. आतल्या सेन्सरबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. कुर्ल्याच्या दुकानात यंत्रावर टायर उतरवतात तेव्हा सेन्सर वाचतो. महाडच्या अलीकडे रात्री जो पंक्चरवाला भेटतो, तो पहार आणि घणाने टायरची कड रिमवरून सोडवतो, आणि आत व्हॉल्व्हला नाजूक सेन्सर आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्यावर लोक पंक्चरचे द्रव आधीच भरून ठेवतात, तो द्रव सेन्सरच्या छिद्रात गेला की आकडा चुकीचा येऊ लागतो. आतले सेन्सर घ्यायचेच असतील, तर रिमवर व्हॉल्व्हजवळ ठळक रंगाने खूण करावी आणि पंक्चरवाल्याला टायरची कड व्हॉल्व्हपासून दूरच्या बाजूने सोडवायला लावावी. त्या वेळी चालकाने चहाच्या टपरीवर न जाता तेथेच उभे राहावे.

आमच्या जोडटायरांना, म्हणजे एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन टायरांना, आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत हातच पोहोचत नाही, म्हणून नळी जोडून व्हॉल्व्ह बाहेर आणावा लागतो, आणि ती नळी हलली की हवा गेलीच. आपल्याला ही कटकट नाही. तसेच आमच्यासारखे ट्यूबचे टायर असते, तर रिमच्या व्हॉल्व्हला बसणारे आतले सेन्सर लावताच आले नसते. युरोपात साडेतीन टनांवरील नव्या ट्रेलरना जुलै २०२४ पासून ही यंत्रणा सक्तीची झाली आहे, त्यामुळे अवजड वाहनांसाठीचे चांगले संच आता उपलब्ध होत आहेत.

परंतु यंत्रणा लावली म्हणून टायरचे वय पाहणे सोडू नये. बोटीचा ट्रेलर वर्षातील बहुतेक दिवस उन्हात एका जागी उभा असतो. त्याची नक्षी झिजतच नाही. रबर मात्र आतून कडक होऊन तडकते, आणि असा टायर फुटतो तेव्हा आधी हवा कमी होत नाही, म्हणजे सेन्सरला इशारा देण्याइतकी सवडच मिळत नाही. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. ते पाहून मगच सेन्सरवर खर्च करावा.

मार्वेकर यांनी लिहिले:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टायरवरील अंक पाहिले. दोन टायर २०१६ सालचे निघाले, तेव्हा चारही टायर नवेच घेतो. टायर नव्याने चढवायचे असल्यामुळे आतले सेन्सर त्याच वेळी बसवून घेणे सोयीचे वाटते. कळंबोलीकर यांनी सुचवलेली रंगाची खूणही करीन, आणि रिपीटरसाठी स्वतंत्र वायर टाकून घेतो. धोक्याचे आकडे किती ठरवावेत, आणि स्टेपनीलाही सेन्सर लागतो का, एवढेच विचारावयाचे राहिले आहे.

टायरगल्ली यांचे उत्तर:

आकडे थंड टायरवरच ठरवावेत. थंड म्हणजे किमान तीन तास उभा असलेला आणि उन्हात न तापलेला. २८ अंश तापमानाला ६५ पौंड भरलेल्या टायरमधील हवा धावताना ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब सुमारे ७३ पौंडांपर्यंत चढतो. हे स्वाभाविक आहे. वाटेत तो वाढलेला आकडा पाहून हवा सोडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण टायर थंड झाल्यावर तो कमी हवेवर उभा राहील आणि परतीच्या प्रवासात अधिकच तापेल. वरचा इशारा ७८ च्या आसपास ठेवल्यास विनाकारण आवाज होणार नाही.

खालचा इशारा ५८ वर ठेवावा, असे माझे मत आहे. अमेरिकेतील मोटारींच्या नियमात ठरवलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर इशारा देणे पुरेसे मानले आहे. आपल्या बाबतीत ते ४९ च्या खाली जाईल, आणि भरलेल्या ट्रेलरसाठी तो आकडा फार उशिराचा आहे. मुंबईत दुपारी ३३ अंशांत हवा भरून जानेवारीत पवनेच्या काठी मुक्काम केलात आणि पहाटे पारा १२ वर आला, तर टायर निर्दोष असूनही दाब पाच-साडेपाच पौंडांनी कमी दिसेल. तो ६० च्या थोडा खाली, पण ५८ च्या वर राहतो, म्हणून ५८ ची रेघ तेथेही चालून जाते. चारही चाकांचा आकडा सारखाच घसरला असेल तर ती थंडी समजावी. एकाच चाकाचा घसरला असेल, तर गाडी हलवण्यापूर्वी खिळा शोधावा.

हवा भरताना पेट्रोल पंपावरील यंत्रावर विसंबू नये. स्वतःचे एक चांगले गेज ठेवून डिस्प्लेच्या आकड्याशी पडताळा घ्यावा. एक-दोन पौंडांचा फरक चालतो.

स्टेपनीला सेन्सर अवश्य लावावा, कारण गरज पडते त्या दिवशीच तिच्यात हवा नाही असे कळते. २०२० साली आपल्याकडे नियमांत बदल होऊन टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीशिवाय चालण्याची मुभा मिळाली. ती सवलत ट्रेलरसाठी नाही. चाक बदलल्यावर डिस्प्लेवर त्या जागेचा सेन्सरही बदलून घ्यावा लागतो. ते कसे करायचे हे दुकानातून निघण्यापूर्वी एकदा स्वतः करून पाहावे; ती पद्धत प्रत्येक संचात वेगळी असते आणि माहितीपत्रक वेळेवर सापडत नाही.

तरंगलांबी यांचे उत्तर:

एक पुरवणी. ट्रेलर मार्व्यालाच सोडून नुसती गाडी घेऊन निघाल्यावर डिस्प्ले हरवलेल्या सेन्सरसाठी ओरडत राहतो. काही संचांत ट्रेलर जोडला किंवा सोडला हे एका बटणाने सांगता येते. घेताना तेवढी सोय आहे का ते विचारावे, नाहीतर त्या आवाजाला कंटाळून घरातलेच कोणीतरी डिस्प्लेची वायर काढून ठेवते.