बरोक चित्रांतील सामान्य माणसे कितपत खरी?

जिज्ञासू: सतराव्या शतकातील बरोक शैलीच्या युरोपीय चित्रांत संत आणि राजे यांच्याबरोबर पाणके, स्वयंपाकिणी आणि भिकारीही ठळकपणे दिसू लागतात. स्पॅनिश चित्रकार वेलास्केसच्या १६१८ च्या ‘अंडी तळणारी म्हातारी’ या चित्रात भांड्यातील अंड्याचा पांढरा भाग गोठत असतानाचा नेमका क्षण आला आहे. चित्रकाराने समोरचे जीवन जसेच्या तसे रंगवले असे म्हणता येईल का? आणि अशी चित्रे विकत कोण घेत असे?

रंगरेषा: जसेच्या तसे म्हणता येणार नाही. याच चित्रातील पितळी खल त्याच वर्षीच्या ‘मार्था आणि मेरीच्या घरी ख्रिस्त’ या चित्रातही दिसतो, आणि दोन्हींतील म्हातारी एकच असावी असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे सेव्हिलमधील हा अठरा-एकोणीस वर्षांचा चित्रकार ठरावीक वस्तू व माणसे समोर बसवून पुन्हापुन्हा अभ्यासत होता. शिवाय माणसे समोरून आणि भांडी काहीशी वरून पाहिल्यासारखी आहेत, ते आतले अंडे दिसावे म्हणूनच. मातीच्या भांड्याची चकाकी, कांद्याची साल, सुरीची सावली या गोष्टी मात्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अशा रंगवता येत नाहीत. खरेपणा निरीक्षणात आहे, प्रसंगात नाही.

जुना वाचक: ग्राहकांपुरते सांगतो. रोममध्ये पीटर फान लार या डच चित्रकाराने रस्त्यावरील फेरीवाले आणि मजूर रंगवले. त्याच्या ‘बाम्बोच्चो’ या टोपणनावावरून त्याच्या अनुयायांचा गटच ओळखला जाऊ लागला. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे पाहायचीही इच्छा नसते त्यांना चित्रात मात्र आवडीने पाहिले जाते, असा टोला इटलीच्या साल्वातोर रोझाने आपल्या उपहासकाव्यात श्रीमंत ग्राहकांना मारला आहे. (रोझा स्वतःही चित्रकार होता, तेव्हा त्यात थोडी व्यावसायिक चीडही असावी.)

सायली_क: वरील मताशी मी अंशतःच सहमत आहे, कारण श्रीमंतांची करमणूक या कारणाने वेदीवरील चित्रांचा उलगडा होत नाही. रोममधील सांत’आगोस्तीनो चर्चमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने मेरीपुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळवे थेट भाविकांकडे वळवून रंगवले आहेत, आणि ते चित्र आजही तिथेच आहे. त्याचेच ‘मेरीचा मृत्यू’ हे चित्र मात्र कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या ज्या चर्चसाठी काढले होते त्याने नाकारले, आणि पुढे चित्रकार रूबेन्सच्या सल्ल्यावरून ते इटलीतील मांतुआच्या ड्यूकने घेतले. फ्रान्समधील ल नॅं या चित्रकार बंधूंनी रंगवलेले शेतकरी कुटुंबही आपण पाहावे: मुले अनवाणी आहेत, म्हातारीच्या हातात मद्याचा नाजूक पेला आहे, आणि त्यांतील काही जण प्रेक्षकाकडे शांतपणे रोखून पाहत आहेत. फ्लेमिश चित्रकार ब्राउअरच्या गुत्त्यातील भांडखोरांवर आपल्याला हसता येते. या कुटुंबावर हसण्याची सोय चित्रकाराने ठेवलेलीच नाही.