टेम्पोच्या टपावर सोलर, तरी रात्री दोनला कूलर बंद

राजेहो, टेम्पोत पलंग अन् ओटा बसवला. ढाब्यावर वायर जोडून द्या म्हणत फिरायचा कंटाळा आला, म्हणून टपावर ३३० वॅटचं पॅनल अन् आत १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी टाकली. मे महिन्यात वरुडला मित्राच्या संत्र्याच्या बागेत मुक्काम केला. १६० वॅटचा कूलर नऊला लावला, दोनला इन्व्हर्टर बोंबलला. मग काय, मच्छर अन् मी. पॅनल वाढवू का?

उत्तर १
भाऊ, आधी हिशेब करा. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १,८०० वॅट-तास. असली बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाती ९००. पाच तास कूलर म्हणजे ८००, वरून इन्व्हर्टर आपला वाटा खातो. पॅनलचा दोष नाही. २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावा, रात्रभर तीनशेच्या आत भागते.

उत्तर २
बागेत गाडी सावलीत लावली असंल ना? तुम्हाले गार, पॅनल उपाशी! एका फांदीची सावलीही लय नुकसान करते. मी पॅनल उतरवून बांधावर उन्हात टेकवतो, जाड वायर ओढतो. शेळ्या तेवढ्या हाकला.

उत्तर ३
अन् पॅनल टपाला चिकटवू नका, चार बोटं उंच ठेवा. आपल्या उन्हात ते सत्तर डिग्रीवर जाते अन् वीज पंधरा-सोळा टक्के कमी देते.

प्रश्नकर्ता
सावलीतच होती बाप्पा, लिंबाखाली. पंखा पाहतो. कूलर बायकोले सांगून विकावा लागंल, ते जास्त अवघड हाय.