‘पोस्टमॉर्टेममध्ये नाव लिहा’ म्हणणाऱ्यांना

टर्मिनलवाला: काल इथे एकाने लिहिलं, ‘चूक करणाऱ्याचं नाव पोस्टमॉर्टेममध्ये (सिस्टिम बंद पडल्यावर लिहितात त्या अहवालात) आल्याशिवाय टीमला शिस्त लागत नाही.’ साफ चूक. गिटलॅब, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी साइट, तिचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण घ्या. रात्री उशिरा रेप्लिकेशनशी (मुख्य डेटाबेसची दुय्यम सर्व्हरवर प्रत ठेवण्याशी) झगडताना इंजिनिअरने दुय्यम समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. थांबवेपर्यंत ३०० जीबीतले ४.५ उरले. खरा घोळ बॅकअपचा होता. डेटाबेसची आवृत्ती ९.६, बॅकअप घेणाऱ्या पीजी-डंपची ९.२, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता. वाचवलं ते सहा तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाच्या प्रतीने. तो घेणाराही तोच इंजिनिअर! आता लिहा नाव.

रोलबॅक_आधी: गिटलॅब सगळ्यांना पाठ आहे. निनावीपणाचा तोटा बोला ना. दुरुस्तीच्या रकान्यात ‘टीम’ लिहितात, म्हणजे कुणीच नाही. बॅकअप रिस्टोअर करून बघायचं काम तीन-तीन स्प्रिंट (दोनेक आठवड्यांचे कामाचे टप्पे) पडून राहतं.

टर्मिनलवाला: खिचडी करू नका. चुकीला नाव नको, दुरुस्तीला नाव आणि तारीख दोन्ही हवं. गिटलॅबच्या यादीतही डेटा टिकवण्याची जबाबदारी एकाकडे द्यायची असं होतं. शिवाय कुठल्या सर्व्हरवर आहोत ते प्रॉम्प्टवरच, कमांड टाइप करतो त्या ओळीतच, ठळक दिसावं, हेही.

रात्रपाळी: दोघंही मुळाशी जात नाही. चूक रात्री का होते? गूगलच्या एसआरई (सिस्टिम चालू ठेवणाऱ्या इंजिनिअरांच्या) पुस्तकात ऑन-कॉलच्या, म्हणजे बिघाड झाला की धावायच्या, १२ तासांच्या पाळीत जास्तीत जास्त २ घटना आणि एका ठिकाणच्या टीमला किमान ८ माणसं सांगितली आहेत. हिंजवडीत चौघांवरच पाळ्यांचा फेरा टाकतात. अमेरिकेतली दुपार ही आपली मध्यरात्र, तरी सकाळचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) चुकवायचा नाही. मग मॅनेजरने वन-ऑन-वनमध्ये (दोघांच्याच बैठकीत) ‘कसं चाललंय’ विचारून काय उपयोग? झोपू द्या माणसाला!

रोलबॅक_आधी: आठ माणसांचं बजेट तुम्ही देणार का?

रात्रपाळी: नसेल तर अलर्ट, म्हणजे बिघाडाच्या आपोआप येणाऱ्या सूचना, कमी करा. महिन्याभराच्या अलर्टची यादी करा, प्रत्येकापुढे लिहा: उठून काही केलं की नुसतं अ‍ॅक केलं, म्हणजे ‘पाहिलं’ म्हणून बटण दाबलं? नुसतं अ‍ॅक झालेले पेजरवरून (झोपेतून उठवणाऱ्या यंत्रणेवरून) काढून सकाळच्या तिकिटांत टाका. डिस्क ८० टक्के भरली म्हणून कुणाला उठवायचं नसतं, सकाळपर्यंत पूर्ण भरणार असेल तर उठवा. दोनदा उठलेल्याला दुपारपर्यंत सुट्टी, न मागता. मागावी लागली की नवी मुलं मागतच नाहीत, आणि तशाच झोपाळलेल्या डोळ्यांनी डिप्लॉय करतात, नवा कोड सर्व्हरवर टाकतात.

रोलबॅक_आधी: अलर्ट काढता काढता नेमका हवा तोच जाईल. आणि नावाचं म्हणाल, तर अमेरिकेतली शेअर व्यवहार करणारी कंपनी नाइट कॅपिटल, १ ऑगस्ट २०१२. आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहिला, ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर गेले. तो विसरणारा जबाबदार नाही?

रात्रपाळी: दुसऱ्याने तपासायचं असा नियमच नव्हता तिथे! आणि बाजार उघडण्याआधी ९७ ईमेल आले होते. अलर्ट म्हणून बनवलेलेच नव्हते, म्हणून कुणी बघितले नाहीत. माझा मुद्दा तोच आहे.

रोलबॅक_आधी: ९७ ईमेलचं मान्य. दुसऱ्याने तपासायचं, तेही मान्य. ‘टीम’ लिहिलेला रकाना मात्र मी मंजूर करणार नाही. आणि ती दुपारपर्यंतची सुट्टी रोस्टरमध्येच छापा, मॅनेजरच्या मर्जीवर ठेवू नका.